आगोटीतला बंद

"आगोट म्हणजे काय हो काकू?" असं परवा माझ्या सुनेच्या मैत्रिणीनं विचारलं आणि मला उगाचच राग आला. तिच्यावर नव्हे. ती बिचारी खारघरच्या कुठल्याशा उंच मजल्यावर राहते, तिच्या दारात बारा महिने सगळं येऊन पडतं, तिला आगोट कशाला ठाऊक असणार? राग आला तो माझा मलाच. "पूर्वी काय व्हायचं..." अशी मी सुरुवात केली आणि मधेच अडखळले. पूर्वी? अगं, खाली दुकानात या क्षणी ताडपत्र्यांचे गठ्ठे छताला टेकलेत, आणि मी खुशाल पूर्वी म्हणतेय!

तर आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. आमच्या पनवेलच्या आसपासची खाडीकाठची, डोंगरालगतची गावं पाऊस लागला की अडकून पडायची. वाटेत चिखल, ओढ्याला पाणी, होड्या बंद, हाताशी शेताची कामं. मग मे महिन्यातच घर भरून ठेवायचं. मीठ, मिरची, हळद, कांदे, कोकम, सुकी मासळी, सरपण, घरावर घालायला प्लास्टिक, बांधायला सुतळी. वैशाख सरत आला की गावंच्या गावं गाडी ठरवून बाजारात उतरायची. आता रस्ते झाले, पूल झाले, कुणी अडकत नाही. तरी बायका येतात. सवय म्हणा, हौस म्हणा, की घर भरलेलं असल्याशिवाय झोप न येणं म्हणा.

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन इथं आले तीही नेमकी मे महिन्यात. पहिल्या सकाळी खिडकी उघडली आणि खालून जो वास आला, त्यानं मी नाकाला पदर लावून तशीच उभी राहिले. समोर कांडपाच्या गिरणीत मिरची कुटत होती, पलीकडे सुक्या बोंबलाचे ढीग, त्याच्या शेजारी पांढऱ्या कांद्यांच्या वेण्या टांगलेल्या, आणि या सगळ्याखाली आमच्या दुकानातल्या नव्या ताडपत्रीचा डांबरट वास. मला शिंका आवरेनात. सासरे खालून हसत म्हणाले, "सूनबाई, हा वास येतोय तोवर आपल्या घरात चूल पेटतेय असं समजायचं." तेव्हा मला ते गावंढळ वाटलं होतं. आता मे उजाडला आणि तो वास आला नाही, तर मी दोनदा खिडकीशी जाऊन येते.

आमचं दुकान दोरखंडाचं. दोर, काथ्या, सुतळी, घमेली, छत्र्या, ताडपत्री. एके काळी पावसात डोक्यावर घ्यायची पानांची इरली नि घोंगड्यासुद्धा. दुकान खाली, घर वर. बाकीचं वर्ष आम्ही माश्या मारतो म्हटलं तरी चालेल. कोणाला खाटेला नवार हवी, कोणाला विहिरीला दोर. पण आगोटीचे ते थोडके आठवडे आमचं वर्ष ओढून नेतात. आगोट चांगली गेली तर दुकान चाललं, नाही तर नाही, इतकं साधं गणित. सासरे म्हणायचे, आगोटीत आपलं शटर खाली दिसलं, तर लोकांनी समजावं की घरात कोणीतरी वारलं. त्याखेरीज ते खाली यायचं नाही. आणि आलं नाही. ऊन असो, ताप असो, पाहुणे असोत.

या बाजाराची एक रीत आहे, ती मला सगळ्यात आवडायची. गावाकडच्या बायका सकाळी येत, पहिल्या दुकानात काय घ्यायचं ते घेत, आणि आपली बोचकी तिथंच ठेवून पुढे जात. मग दिवसभर बाजार करून, एकेक वस्तू आणून त्याच कोपऱ्यात ठेवत. उन्हं कलली की गाडी भरायची. त्याला ना चिठ्ठी ना भाडं. ज्यानं त्यानं आपलं दुकान ठरवलेलं. आमच्याकडे हिराबाईच्या गावच्या बायका ठेवत. चिरनेरच्या वाटेवरचं ते गाव. तिच्या घरची तेव्हा मिठागरं होती. पाऊस यायच्या आत मिठाच्या राशी झाकायच्या म्हणून ती आधी आमच्याकडे ताडपत्रीला यायची. बोचकी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकीची खूण असे. कोणी गाठीत काडी खोचे, कोणी चुन्याचं बोट ओढे. हिराबाई आपल्या जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी बांधायची. पहिल्या वर्षी मी ती चिंधी कचरा म्हणून सोडायला गेले, तर केवढ्यांदा ओरडली! "वयनी, हात नको लावू गो! ती चिंधी हाय म्हणून ता माजा हाय!" तेव्हापासून आमची गट्टी जमली. माझ्या हातचा चहा तिला पाणचट लागायचा आणि ती दर वर्षी तसं सांगायची. सांगून प्यायची.

आता हे एवढं गोड गोड आठवलं की मला लगेच पुढचं आठवतं आणि तोंड कडू होतं.

गावाबाहेर, हायवे ओलांडून पलीकडे, भाताची शेतं होती. काहींवर पीक निघायचं, काही नुसती पडून. तिथं भलं मोठं खरेदी संकुल बांधायचा प्रस्ताव पालिकेत आला. शेतजमिनीवर दुकानं बांधायची तर जमिनीचा वापर बदलावा लागतो, त्याला सभेची मंजुरी लागते. आमच्या व्यापारी मंडळाच्या सभागृहात त्याची चित्रं दाखवली गेली होती. काचेची इमारत, पुढे कारंजं, आणि ओळीनं अशी झाडं जी पनवेलच्या मातीत कधी उगवली नाहीत आणि उगवणारही नाहीत. चित्रातली माणसंसुद्धा इथली नव्हती. एकाच्याही कपाळावर घामाचा थेंब नाही! मे महिन्यात! पनवेलमध्ये!

मी तावातावानं आमच्या प्रभागाच्या नगरसेवकांकडे गेले. त्यांना मी चड्डीत गोट्या खेळताना पाहिलंय, त्यामुळे मला त्यांचं भय नाही. ते शांतपणे म्हणाले, "काकू, विरोध करा, जरूर करा. पण मला सांगा, तुमच्या बाजारात गाडी कुठं लावायची? म्हातारा माणूस टेकणार कुठं? आणि बायामाणसांनी दिवसभर जायचं कुठं?"

हेच ते. माणूस चुकीचा असला की भांडायला बरं पडतं. बरोबर बोलला की काय करायचं? बायकांसाठी स्वच्छतागृह हवं म्हणून पालिकेकडे मागणी आम्हीच केली होती. पालिकेनं जागा विचारली. तर किराणावाल्यांच्या समोर नको, कापडवाल्यांच्या बाजूला नको, देवळापाशी तर नकोच नको. पाहिजे सगळ्यांना, पण आपल्या दारात कुणालाच नाही! आमच्या दुकानाशेजारची बोळ मोकळी होती. मी म्हटलं, इथं होऊ द्या. तर आमचे हे म्हणाले, "गिऱ्हाईक नाक दाबून येईल का आपल्याकडे?" सुक्या बोंबलाच्या बाजारात बसून नाकाची काळजी! मागणी विरून गेली. हिराबाई आणि तिच्या बायका सकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत, घरी पोहोचेपर्यंत. मे महिन्यात. चहासुद्धा अर्धाच कप, तो का ते मला फार उशिरा कळलं.

संकुलाच्या मंजुरीसाठी पालिकेच्या सभेची तारीख लागली ती नेमकी आगोटीच्या ऐन भरात. व्यापारी मंडळाची बैठक झाली. आमचे अध्यक्ष नाना, गुळाचे व्यापारी, गळ्यात सोन्याची साखळी आणि बोलताना टेबलावर थापा. "त्या दिवशी कडकडीत बंद! एकही शटर उघडं दिसता कामा नये. पालिकेच्या गॅलरीत पांढरे शर्ट घालून सगळे हजर. ताकद दाखवल्याशिवाय सभागृहात पान हलत नाही!"

टाळ्या पडल्या. बायकांत मी एकटीच. मी उठले. म्हटलं, "नाना, बंद करायचा तर दुसऱ्या कुठल्याही महिन्यात करा. आगोटीत आपण बंद ठेवला तर त्रास पालिकेला नाही, गावाकडच्या गिऱ्हाइकांना. त्यांना कोण सांगणार? त्या यायच्या आणि फिरायच्या. एकदा पाय दुसरीकडे वळला की वळला."

"वहिनी, एक दिवसानं काय आभाळ कोसळतंय?"

"मग एका दिवसानं पालिका तरी कशी हलेल?"

हशा झाला, पण तो माझ्या बाजूचा नव्हता. मसालेवाले युसूफभाई माझ्या शेजारून हळूच म्हणाले, "भाभी, बात तुमची खरी आहे. लेकिन सगळ्यांनी ठरवल्यावर आपण उलटं कसं जायचं? इज्जतीचा सवाल आहे." मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे बुटाच्या नाडीत काहीतरी शोधत होते.

बंदच्या सकाळी बाजार अगदी शांत होता. गिरणी बंद, म्हणून मिरचीचा वास नाही. बोंबलांवर गोणपाट टाकलेलं. मी खिडकीत बसले होते. आणि ठरल्याप्रमाणे, दर वर्षीप्रमाणे, ती गाडी आली. बायका उतरल्या, हातात रिकाम्या पिशव्या, डोक्यावर पदर. दोन पावलं चालल्या आणि थबकल्या. हिराबाईनं या टोकापासून त्या टोकापर्यंत शटरांवरून नजर फिरवली, मग वर बघून मला हाक मारली.

"वयनी! कोन वारला गो?"

काय सांगू? मी खाली धावले. म्हटलं, "कोणी नाही गं, बंद आहे. गावाबाहेर मोठं दुकान होणार, त्याच्या विरोधात."

"मग ता दुकान बंद करा ना! आपला कशाला बंद केला?"

मंडळाच्या बैठकीत इतकी माणसं होती, शिकलेली, एका गालात इंग्रजी नि दुसऱ्यात हिंदी बोलणारी, त्यातल्या एकाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नव्हता.

मी ह्यांना म्हटलं, "मागच्या दारानं देऊ या. चार ताडपत्र्या, सुतळी, एवढंच." हे पांढरा शर्ट घालून तयार होते. गल्लीत बघून म्हणाले, "आज नको. सगळ्यांनी ठेवलाय, आपणच कसा मोडायचा? उद्या ये म्हणावं."

"उद्या?" हिराबाई म्हणाली. "भाऊ, गाडीचा भाडा आजचा दिलाय. उद्या कोन देल?" आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. बायका शटरांच्या सावलीत जरा बसल्या. टेकायला जागा नाही, पाणी नाही, काही नाही. मी कळशीभर पाणी नेलं, तर कुणी घोटापलीकडे प्यायलं नाही. मग गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, हायवेच्या पलीकडे त्या नव्या लोकांनी मंडप घातलाय, पावसाळी सेल लावलाय, चला, बघून तर येऊ. त्या ज्या शेतांवर संकुल होणार होतं, तिथंच! आम्ही ज्याच्या विरोधात शटर ओढलं, त्याच्याच दारात आमचं गिऱ्हाईक गाडीत बसवून पाठवलं. आपल्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ पाहिले, पण त्यासाठी दुकान बंद करून, इस्त्रीचे शर्ट घालून जाणारे आम्हीच.

गाडी वळली तेव्हा हिराबाईनं मागे बघून हात हलवला. रिकामी पिशवी त्याच हातात होती.

मग मी सभेला गेले. गॅलरी पांढऱ्या शर्टांनी भरून गेली होती. नाना पुढच्या रांगेत, मिशीला पीळ देत. सभा सुरू झाली. सुरुवातीलाच कोणा माजी सदस्यांच्या निधनाबद्दल दुखवट्याचा ठराव आला. सगळे उभे राहिले, आम्हीही. शांतता पाळली. आणि असा ठराव झाला की त्या दिवसाची सभा तहकूब करायची, ही जुनी रीत. झाली तहकूब. खुर्च्या सरकल्या, पंखे बंद झाले. म्हणजे हिराबाईचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, वारलं होतं कोणीतरी. मृत माणसाबद्दल मला काही म्हणायचं नाही, रीतही वाईट नाही. पण मी त्या खुर्चीत बसून राहिले आणि मला इतकं रडू आलं की बाजूच्या बाईनं विचारलं, "तुमच्या नात्यातले होते का?"

बाहेर आले तर नाना हारात! "बघितलंत? आपली ताकद बघून विषयच घेतला नाही! घाबरले!" कोणीतरी पेढे आणले. सगळे पेढे खात होते. आमचे हेसुद्धा. मला एक पुढे केला. मी म्हटलं, "कशाचा हा, बारशाचा की बाराव्याचा?" हे चिडले.

तहकूब सभा पुढे पावसात झाली. त्या दिवशी परत बंद ठेवायची कोणाची छाती नव्हती, आधीच आगोटीचं नुकसान उरावर. गॅलरीत आमचे मोजके लोक, त्यातले निम्मे छत्री कुठं ठेवावी याच विवंचनेत. हरकतींचा कागद कोणीतरी वाचला, कोणीतरी ऐकला. आमचे नगरसेवक आमच्या बाजूनं दोन शब्द बोलले, चांगलं बोलले. मग विषय मताला आला. मंजूर, मंजूर. विरोध नोंदवला गेला. नोंदवला गेला, बस्स.

आज ते संकुल उभं आहे. कळंबोलीकडून येताना लांबूनच दिसतं. झाडं चित्रातल्यासारखी नाहीत, वाळलीत. पण गाड्या रांगेनं लागतात. आमच्या नानांची सून तिथं जाते, माझी जाते, आणि खोटं कशाला बोलू, मीही जाऊन आले. ठरवून, दात-ओठ खात गेले. आत पाय टाकला आणि गार वाऱ्यानं मेली घामाची धार सुकली, तेव्हा बरं वाटलं. बरं वाटल्याचाही राग आला. एका कोपऱ्यात ताडपत्र्या होत्या, घडी घालून, चकचकीत पाकिटात. मी एक उचलून नाकाशी नेली. वासच नाही! तिथल्या पोरीनं विचारलं, "मॅडम, काही मदत हवी का?" मी म्हटलं, "नको बाळ, आता नको."

परत येताना मी त्यांचं स्वच्छतागृह वापरलं. स्वच्छ होतं. आरसा होता. मी आरशात स्वतःकडे बघून म्हटलं, एवढंच करायचं होतं गं आपल्याला. एक बोळ द्यायची होती.

हे सगळं त्या पोरीला, सुनेच्या मैत्रिणीला, सांगितलं का? नाही. "पावसाळ्याची खरेदी," एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "सो क्यूट."

या वर्षी आगोट अशी आहे की गिरणी अर्धा दिवस चालते. सुका बाजार तेवढा टिकून आहे, कारण काचेच्या दुकानाला बोंबील मानवत नाहीत. आमचे हे गल्ल्यावर पेंगतात. मुलगा म्हणतो, बाबा, पुढच्या वर्षी भाड्यानं देऊ या, मोबाइलवाला विचारतोय. हे बुटाच्या नाडीत काहीतरी शोधतात. मी भांडते. पण हल्ली भांडताना मला मधेच वाटतं, मी कोणाशी भांडतेय?

आणि काल हिराबाई आली.

त्या बंदनंतर ती आमच्याकडे फिरकली नव्हती. एक दोनदा लांबून दिसली, मी हाक मारेपर्यंत गर्दीत गेली. मिठागरं गेली तिची, मुलगा डंपर चालवतो, ती थकलीय. पण काल थेट दुकानात आली, घामानं डबडबलेली, आणि नेहमीच्या कोपऱ्यापाशी उभी राहून म्हणाली, "वयनी, हाय का जागा?"

मी म्हटलं, "जागाच जागा आहे गं, ये, बस. काय देऊ? ताडपत्री दाखवू?"

"नाय गो. देऊ नको काय. ठेवून घे." तिच्या हातात त्या हायवेपलीकडच्या दुकानाची भली थोरली छापील पिशवी होती. मला पिशवीकडे बघताना बघून ती जराशी ओशाळली, मग ठसक्यात म्हणाली, "रागावू नको. तिकडं पंखा हाय, मुतारी हाय. पन सामान ठेवून घेत नाय कोन. बाहेर ठेवला तर तो शिट्टीवाला वरडतो. आता सुका जवला घ्यायचा हाय मला, ह्या बोजा घेऊन कुठं फिरू?"

आमचे हे जागे झाले होते. मला वाटलं काहीतरी बोलतील. बोलावं, मलाही वाटत होतं. जिभेवर आलंच होतं माझ्या की जा, ठेव जा तिथंच, जिथून आणलंस.

पण पिशवीच्या बंदाला हिरवी चिंधी बांधलेली होती. तीच, लुगड्याची, धुऊन धुऊन विटलेली.

"सांभाल गो," ती म्हणाली, "मी येते. आनि चा ठेव. पानचट करू नको."

"पूर्ण कप पिशील?"

"आज पिते. तिकडं जाऊन आलेय."

ती गेली. मी पिशवी उचलली. जड होती. कोपऱ्यात खाली ओल आहे, म्हणून तिथं ठेवली नाही. आमच्या गठ्ठ्यांवर उंच ठेवली. वरून चकचकीत पाकीट डोकावत होतं. त्यांची ताडपत्री, आमच्या ताडपत्र्यांवर. ह्यांनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि उठून कधी नव्हे ते स्वतः चहाचं आधण ठेवायला वर गेले.